एकसारखा उशीर

आमच्या मोठ्या वहिनींना राग येत नाही. एवढी एक खोट सोडली, तर बाईला नाव ठेवायला जागा नाही. मी त्यांची धाकटी जाऊ, आणि माझा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. मी औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी असते. गिऱ्हाइकाचं वाक्य पुरं व्हायच्या आत खोकल्याची बाटली त्याच्यापुढे ठेवून मोकळी होते. वहिनींना मात्र कितीही लांब रांगेत उभं करा, तक्रार नाही. बोटांच्या पेरांवरून अंगठा फिरवत काहीतरी मोजत उभ्या राहतात. रांग पुढे सरकली की त्याही सरकतात, मोजणं चालूच.

आमचं घर तीन मजली, पण रुबाब वाटावा असं त्यात काही नाही. खाली भाऊजींचं, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याचं, सायकल दुरुस्तीचं दुकान. मधल्या मजल्यावर आमची दोन्ही बिऱ्हाडं. आणि वर पत्र्याखाली एक लांबोडकी खोली, तिथे वहिनी ताल शिकवतात. गाणं नाही, तबला नाही, नुसता ताल, आणि तोही पहिल्या पायरीपुरता. त्या खोलीच्या फरशीवर मधोमध एक फिकट पट्टा पडलाय. इतकी वर्षं इतकी माणसं त्यावरून चालली आहेत.

तालाच्या वर्गात चालायचं कशाला, असं मीही विचारलं होतं. वहिनी पहिल्या दिवशी कुणाला टाळीसुद्धा वाजवू देत नाहीत. भिंतीपासून भिंतीपर्यंत नुसतं चालायला लावतात. "एक पाऊल म्हणजे एक मात्रा," त्या सांगतात. "मात्रा काय, कुणीही मोजेल. दोन पावलांच्या मधलं अंतर सांभाळायचं. ते एकसारखं राहिलं की ती लय. रमतगमत चाललात तर विलंबित, नेहमीसारखं चाललात तर मध्य, बस चुकत असली तर द्रुत. पण बस चुकत असली तरी धडपडायचं नाही."

वर्गात कोण म्हणून नाही? दुधाचे दात पडलेली पोरं, बासरी शिकणारे एक दंतवैद्य, नोकरीतून मोकळे झालेले दोन सख्खे भाऊ, जे एकमेकांशी फक्त टाळ्यांपुरते बोलतात. चालता आलं की मग फेरा. सोळा पावलांचा एक फेरा, त्याला आवर्तन म्हणायचं; फेरा जिथून निघतो आणि जिथे परत येतो ती पहिली मात्रा म्हणजे सम. वाटेत ठरलेल्या जागी टाळी द्यायची आणि मध्यावर एका ठिकाणी टाळी न देता हात नुसता हवेत उलटा करायचा, ती खाली. एकदा एका चिमुरड्याने विचारलं, "वाजतच नाही तर हात कशाला हलवायचा?"

"वाजलं नाही म्हणजे मात्रा नसते होय?" वहिनी म्हणाल्या. "तुझी आई बोलत नसली तरी घरात असतेच ना?"

"आमची आई बोलत नाही असं होतच नाही," पोरगं म्हणालं. त्या दिवशीचा पुढचा वर्ग हसण्यातच गेला. मी धुणं वाळत घालायला वर गेले होते, तीही हसत उभी राहिले.

आता माझ्या लेकीचं सांगते, कारण ही सगळी गोष्ट तिची आहे. तिला आम्ही गोगी म्हणतो, गोगलगाईवरून. डॉक्टरांनी दिलेली तारीख उलटून गेली तरी बाईसाहेब जन्माला यायचं नाव घेईनात, तेव्हा भाऊजींनी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. गोगी सावकाश उठते, सावकाश जेवते, तुम्ही काही विचारलंत तर उत्तर सावकाश येतं. पण गळा असा, की ती आंघोळीला गेली आणि गायला लागली की खाली दुकानात भाऊजी हातातला पाना ठेवून देतात. मी तिची आई आहे म्हणून सांगत नाही. रस्त्यावरून जाणारी माणसंही पंक्चर नसताना दुकानापाशी थांबलेली मी पाहिली आहेत.

तिला संगीत विद्यालयात जायचं होतं. दुसरं काही नकोच होतं. तिथे प्रवेशाला दोन परीक्षा असतात, एक गळ्याची आणि एक तालाची, आणि तीनदाच बसता येतं. चौथ्यांदा दार बंद. गोगी दोनदा बसली. दोन्ही वेळा गळ्याला शाबासकी मिळाली आणि तालाला गचकली. दुसऱ्या वेळी परीक्षक बाईंनी तोंडावर सांगितलं, "आवाज देणगी आहे गं, पण लय नाही. लयच नसेल तर आम्ही तरी काय करणार?"

त्यानंतर गोगी गायची बंद झाली. भांडण नाही, रडारड नाही. बाथरूममधून नुसता पाण्याचा आवाज यायला लागला. मी त्या विद्यालयाचा, त्या बाईंचा आणि ज्या नावाजलेल्या तबलजींकडे तिला शिकायला पाठवलं होतं त्यांचा जेवढा उद्धार करता येईल तेवढा केला. नवरा म्हणाला, "अगं, हळू बोल, शेजारी ऐकतील." मी म्हटलं, ऐकू देत, त्यांनाही कळू दे. पण एवढं तोंड चालवूनही बाथरूममधलं गाणं काही परत आलं नाही, आणि माझा जीव तुटत होता तो तुटतच राहिला.

वहिनींचा एक नेम होता. घरच्या माणसाला शिकवायचं नाही. "घरात काकू आणि वर्गात बाई, दोन्ही एकदम जमत नाही. एक काहीतरी बिघडतं," असं त्या म्हणायच्या, आणि आम्हीही कधी गळ घातली नव्हती. पण एका सकाळी त्या आमच्याकडे आल्या. गोगी खिडकीशी बसून कपडे घड्या करत होती. वहिनी तिच्यासमोर बसल्या, एक टॉवेल स्वतः घडी केला आणि म्हणाल्या, "संध्याकाळी वर ये."

"कशाला काकू? मला लय नाही."

"ते मला बघू दे. तू नुसती ये."

मला वाटलं होतं, पहिल्याच दिवशी त्या हिचं नेमकं घोडं कुठे पेंड खातं ते सांगतील. छे! कितीतरी संध्याकाळी नुसतं चाल, टाळी दे, चाल, टाळी दे. वहिनी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून ऐकायच्या. चूक नाही, बरोबर नाही, काही बोलायच्या नाहीत. मी दुकानातून आले की वरच्या जिन्यात पर्स मांडीवर घेऊन बसायचे आणि आतल्या आत धुमसायचे. परीक्षा जवळ आली होती, आणि ही बाई आपली तोंडात मूग गिळून बसलेली!

एक दिवस मला राहवलं नाही. मी सरळ आत जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. वहिनींकडे एक मेट्रोनोम आहे, ठरवलेल्या लयीत टिकटिक करणारी काळी डबी. तिला सगळे डबीच म्हणतात. डबी टिकटिकत होती आणि गोगी टाळ्या देत होती. टिक आणि टाळी, टिक आणि टाळी. दोन्हींच्या मधे केसाएवढी फट. मला तालातलं ओ की ठो कळत नाही, पण ती फट मलाही ऐकू आली.

"मागे पडतेयस गं," मी म्हटलं. "जरा लवकर दे की!"

"तू गप्प बस," वहिनी म्हणाल्या. आमच्या लग्नापासून त्यांनी मला असं कधी म्हटलं नव्हतं. मी गप्प बसले.

त्या उठल्या, डबीकडे आणि गोगीकडे पाठ करून भिंतीकडे तोंड केलं आणि टाळ्या द्यायला लागल्या. आधी मला कळेना काय चाललंय. मग कळलं. त्या डबीबरोबर टाळी देत नव्हत्या, गोगीबरोबर देत होत्या. आणि दोघींची मिळून एकच टाळी ऐकू येत होती. वहिनींनी वळून डबी हळू केली, पुन्हा पाठ केली, पुन्हा तसंच. भरभर केली, पुन्हा तसंच. दोघींच्या टाळीत कुठे सुईच्या टोकाएवढीही जागा नव्हती. डबीपासून मात्र दोघी सारख्याच मागे.

वहिनी वळल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "हिला लय नाही म्हणाले?" त्या म्हणाल्या. "ज्याला लय नसते तो कधी मागे असतो, कधी पुढे, कधी चुकूनमाकून बरोबर. ही दरवेळी मागे आहे, आणि दरवेळी तेवढीच मागे. इतका एकसारखा उशीर करायला किती पक्की लय लागते, कल्पना आहे का कुणाला?"

गोगीचे हात तसेच हवेत राहिले. "मग माझं चुकतं कुठे?"

"तू टिक ऐकतेस आणि मग टाळी देतेस. ऐकू आलं म्हणजे मात्रा येऊन गेलेली असते, बाळा. सम ऐकायची नसते, सम गाठायची असते."

"पण ती येतेय हे आधीच कसं कळणार?"

"दिवा नसला तरी आपल्या जिन्याची शेवटची पायरी कळते ना तुला? पाऊल तिथे आधीच तयार असतं. तसंच."

खरं सांगते, मला त्या क्षणी वहिनींच्या पाया पडावंसं वाटलं. शिकवण्याचे पैसे घेणाऱ्या एवढ्या मोठ्या माणसांनी हिला तपासलं आणि सगळ्यांनी हिला डबीशी जोडून पाहिलं. हिच्याशी स्वतःला जोडून पाहावं हे एकट्या वहिनींना सुचलं.

मग हा उशीर आला कुठून, याचा शोध लागायला वेळ लागला नाही. गोगी शाळेपासून एका समूहगान पथकात होती, मागच्या रांगेत. पथकाच्या बाई कडक. कुणी एकाने जरी सगळ्यांच्या आधी तोंड उघडलं तर गाणं थांबवून त्याला उभं करायच्या. उशिरा सुरुवात केली तर कुणाच्या लक्षात येत नसे, आवाजात आवाज मिसळून जाई. आमच्या गोगीने त्यातून एकच धडा घेतला: आधी बाकीच्यांचं ऐकायचं, मग आपण. असा उशीर पथकात वाढलेल्या पोरीलाच जमावा. बाईंना दोष देऊन उपयोग नाही, त्यांचं पथक बक्षिसं आणत होतं.

पुढचं काम कठीण होतं. वहिनींनी पहिल्यांदा काय केलं, तर डबीचा आवाज मधेच बंद करायला सुरुवात केली. समेपासून मध्यावरच्या खालीपर्यंत आवाज, खालीच्या पुढे शुकशुकाट, आणि पुढची सम आली की आवाज पुन्हा सुरू. त्या आवाज नसलेल्या अर्ध्या फेऱ्यात ऐकायला काहीच नसे, त्यामुळे वाट तरी कशाची बघणार? गोगी चालत राही, टाळी देत राही. पहिल्यांदा जेव्हा तिची टाळी आणि डबीची टिक एकाच वेळी समेवर पडली, तेव्हा ती दचकून दोन पावलं मागे सरली. कुणीतरी अंगावर ओरडावं तशी.

"काय झालं?" वहिनींनी विचारलं.

"काकू, मी आधी दिली."

"आधी नाही. वेळेवर दिलीस. तुला वेळेवरची सवय नाही म्हणून ते आधी वाटतंय."

हे वाक्य मी दुकानात दिवसभर घोळवत होते. एका गिऱ्हाइकाला तापाच्या गोळ्यांऐवजी पोटाच्या गोळ्या काढून दिल्या, त्याने परत केल्या म्हणून बरं.

डबी बंद असली की गोगी सोन्यासारखी चालायची, पण बरोबर माणूस आलं की पुन्हा पहिले पाढे. कारण माणसाची वाट बघणं तिच्या हाडीमाशी भिनलेलं. म्हणून वहिनींनी सगळा वर्ग कामाला लावला. गोगीने मधे चालायचं, आणि बाकीच्यांनी तिच्या दोन्ही बाजूंनी. दंतवैद्यांनी मुद्दाम रेंगाळायचं, पोरांनी मुद्दाम पळायचं, दोघा भावांनी मधूनच थांबायचं. पोरांना तर आनंदाचं भरतं आलं. वर्गात चुकायची परवानगी त्यांना पहिल्यांदाच मिळत होती. गोगी बिचारी आधी रेंगाळणाऱ्यासाठी थांबायची, मग पळणाऱ्यामागे धावायची आणि शेवटी हातपाय गाळून मधेच उभी राहायची.

"थांबू नकोस," वहिनी स्टुलावरून सांगायच्या. "कुणी पडलं तरी थांबू नकोस. तुझी लय तू धर. ज्याला यायचंय तो येईल."

"पण काकू, ते उद्धटपणाचं नाही वाटत?"

"लय धरणं हा उद्धटपणा नाही. दुसऱ्याला टेकायला जागा करून देणं आहे ते. सगळेच एकमेकांची वाट बघत राहिले तर गाणं सुरू कुणी करायचं?"

रोज थोडं थोडं करत पोरीने ते साधलं. वहिनींचा आवाज एकदाही चढला नाही. मी असते तर पहिल्याच आठवड्यात डबी खिडकीबाहेर गेली असती. एका सकाळी बाथरूममधून पाण्याबरोबर गाणंही ऐकू आलं. मी चहाचं भांडं तसंच उतू जाऊ दिलं. खाली भाऊजींचा पानाही थांबला असावा, कारण दुकानातून काही आवाज येत नव्हता.

परीक्षेच्या दिवशी गोगीने काकूला बरोबर यायला सांगितलं, म्हणून आम्ही तिघी गेलो. विद्यालय म्हणजे उंच खिडक्यांची जुनी इमारत, लांब लांब व्हरांडे आणि प्रत्येक दारापाशी घसा साफ करणारी मुलंमुली. गळ्याची परीक्षा आधी झाली, ती ठीक. तालाच्या परीक्षेला आम्ही दाराबाहेरच्या बाकावर बसलो. दाराच्या वरची झडप उघडी होती, त्यामुळे आतलं सगळं ऐकू येत होतं. परीक्षक बाई त्याच, गेल्या वेळच्या. त्यांनी तोंड उघडताच मी आवाज ओळखला.

परीक्षा साधी होती. मध्य लयीत एक ओळ गायची, फेऱ्यामागून फेरे घ्यायचे, आणि दर फेऱ्याला समेवर यायचं. साथीला तबल्यावर एक वयस्कर गृहस्थ. आधी बाईंनी डबी लावून लय दिली आणि डबी बंद केली. लय गाणाऱ्याने धरायची, तबल्याने ती सांभाळायची, असा रिवाज असतो म्हणे. गोगीने सूर लावला. पहिल्या समेला आवाज आणि तबला एकत्र पडले, दुसऱ्या समेलाही. मी वहिनींकडे बघून हसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, अंगठा पेरांवरून फिरत होता.

मग मला ती फट ऐकू आली. आधी तबला, आणि मग गोगी. अगदी केसाएवढी. पुढच्या समेला थोडी जास्त.

मी वहिनींकडे झुकले. "वहिनी, ही पुन्हा मागे पडली."

"ही नाही," वहिनी कुजबुजल्या. "तबला चढलाय."

"म्हणजे?"

"ते पळतायत. सकाळपासून वाजवून हात शिणला की असं होतं. ही आहे तिथेच आहे."

"मग सांगा ना त्यांना!" मी उठलेच. दाराच्या कडीला हात घातला. वहिनींनी माझं मनगट धरलं, आणि इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

"आत जायचं नाही."

"अहो, ते हिला नापास करतील! शेवटची वेळ आहे!"

"ठाऊक आहे मला. तू आत गेलीस तर ती तुझी वाट बघायला लागेल. बस खाली."

मी बसले, पण जीव टांगणीला लागला होता. आत गोगी गात होती. मला एकच भीती, की ही आता पळणाऱ्या तबल्यामागे धावेल, किंवा सवयीने गप्प होईल. ती दोन्ही करत नव्हती. तबला पुढे जात होता आणि ती आपल्या पावलांनी येत होती. फट वाढत गेली. शेवटी परीक्षक बाई म्हणाल्या, "थांबा." तबला थांबला. आत कागद चाळल्यासारखा आवाज झाला.

"गेल्या वेळीही हेच झालं होतं," बाई म्हणाल्या. आवाजात कठोरपणा नव्हता, उलट कीव होती, आणि तीच मला जास्त झोंबली. "समेला मागे येतेस. आवाज छान आहे, पण..."

"मी मागे नाहीये, बाई."

माझ्या लेकीचा आवाज होता तो. बाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत आलेला. माझ्या मनगटावरची वहिनींची पकड आणखी घट्ट झाली.

"काय म्हणालीस?"

"मी मागे नाहीये. तुम्ही दिलेल्या लयीतच आहे. साथ चढली आहे. डबी पुन्हा लावून बघा."

व्हरांड्यात घसा साफ करणाऱ्यांनीही घसे थांबवले. मला आपलं वाटलं, संपलं. परीक्षकांना कुणी असं बोलतं का? आणि मग आतून तबलजींचा आवाज आला. "बाई, पोरगी खरं बोलतेय. मघापासून मलाही जाणवतंय, हात पळतोय माझा. ही धरून बसली होती म्हणून कळलं, नाहीतर तिला घेऊन पळालो असतो. लावा डबी."

असा माणूस विरळा. त्यांना गप्प बसता आलं असतं. कुणी काही म्हटलं नसतं.

डबीची बारीक टिकटिक सुरू झाली, मघाच्याच लयीची. बाई म्हणाल्या, "गा, तबला नको." गोगीने पहिलीच ओळ घेतली. मी डोळे मिटले. सम आली आणि टिक आणि सूर यांच्यात काहीही नव्हतं. पुन्हा आली, पुन्हा काही नाही. मग बाईंनीच डबीचा आवाज बंद केला असावा, कारण नुसतं गाणं ऐकू येत होतं. ती बराच वेळ गायली. डबीचा आवाज परत आला तेव्हा दोघी एकाच वेळी समेवर आल्या. तबलजी "वा!" म्हणाले, आणि तेवढ्यात मी हुंदका दिला, त्यामुळे पुढचं नीट ऐकू आलं नाही. पण "वर्ग सुरू होतील तेव्हा ये" एवढं ऐकू आलं. तेवढं पुरे होतं.

गोगी बाहेर आली ती बोलतच आली. काकू, ते कसे पळत होते, काकू, मी बाईंना असं कसं बोलले. आम्ही जिन्यापर्यंत आलो तरी तिचं चालूच होतं. मी तिचे पापे घेत होते, वहिनींना मिठ्या मारत होते, सगळं एकदम. येणारे-जाणारे आमच्याकडे वळून बघत होते. बघेनात का! मी वहिनींना म्हटलं, "एवढं सगळं तुम्हाला कळतं, अख्ख्या इमारतीला शिकवाल तुम्ही, आणि आयुष्यभर त्या पत्र्याखाली एक-दोन-तीन करत बसलात. तुम्ही कधी का नाही आलात इथे?"

"आले होते की," वहिनी म्हणाल्या. "हिच्यापेक्षा थोडी लहानच असेन. लग्नाआधी. परीक्षा तेव्हा वरच्या मजल्यावर व्हायची."

मला हे ठाऊक नव्हतं. भाऊजींनाही ठाऊक असेल असं वाटत नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग काही नाही. गळ्याला पास झाले. तालाच्या परीक्षकांनी सांगितलं, लय नाही."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हणाले, बरं." वहिनी हसल्या, पण नेहमीसारखं हसणं नव्हतं ते. "खरंच वाटलं मला. एवढी मोठी माणसं सांगतायत. मग म्हटलं, लय म्हणजे काय ते तरी शिकावं. ते शिकता शिकता एवढी वर्षं गेली."

"म्हणजे काकू, तूही माझ्यासारखीच होतीस? नुसती मागे?"

"आता कसं सांगू गं? माझ्याबरोबर टाळी देऊन कुणी पाहिलंच नाही."

इतकी वर्षं मी हिला राग येत नाही म्हणून चिडवत आले. मला आता त्या वरच्या मजल्यावर जाऊन एकेक खिडकी फोडावीशी वाटत होती.

गोगीने काही फोडलं नाही. तिने खांद्यावरची झोळी पायरीवर ठेवली, काकूच्या समोर उभी राहिली आणि दोन्ही हात पुढे धरले.

"दे टाळी," ती म्हणाली. "तू चाल. मीही तुझ्याबरोबर देते."

"वेडी का काय तू? इथे, भर जिन्यात?"

"हो, इथेच."

वहिनींनी वर पाहिलं, खाली पाहिलं. मग हातातली पिशवी माझ्याकडे दिली आणि हात मोकळे केले.